आजीची ‘चक्कर’ आणि १९७६ची दुरुस्ती

अर्धांगवायूचा झटका येऊन गेला त्याला आठ महिने झाले होते. आजी जेवता जेवता मध्येच थांबायची. नजर एका जागी, ओठ चघळल्यासारखे हलतायत, बोटांचा पदराशी चाळा. दोनेक मिनिटांनी सावरायची, पण पुढे अर्धा तास गोंधळलेली. घरातले म्हणायचे, “वय झालं.” ती म्हणायची, “चक्कर आली.”

ती फिट होती. फिट म्हणजे खाली पडणं, तोंडाला फेस, नाकाला कांदा, एवढंच आम्हाला ठाऊक. म्हातारपणी ती अशी गुपचूपही येते आणि पक्षाघात हे तिचं एक मोठं कारण असतं.

आजीला संशय आला असणार. आत्याला लहानपणी आकडी यायची. १९८५ साली तिचं लग्न ठरलं, तेव्हा आजीने तिच्या गोळ्या पिठाच्या डब्यात लपवल्या होत्या. हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूतल्या विद्युतलहरी १९२४ सालीच नोंदवल्या होत्या, फेनिटॉईन हे औषध १९३८पासून माहीत होतं. पण आपल्याकडे १९७६च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात वेडाच्या झटक्यांशेजारी अपस्मार आणून बसवला. त्या कारणाने लग्न रद्द करून घेता येत असे. तो शब्द कायद्यातून निघाला १९९९मध्ये. तोवर आजीच्या पिढीला लपवायची सवय लागली होती.

म्हणून ज्येष्ठांना तज्ज्ञ मिळत नाही यात अंतर हे एकच कारण नाही. तेही होतंच म्हणा. गावातून चकरेच्या गोळ्या मिळाल्या. न्यूरॉलॉजिस्ट पुण्यात, शंभर किलोमीटरवर, तारीख तीन आठवड्यांनंतरची. बाबांनी रजा टाकली. ईईजी नॉर्मल आला, कारण अर्ध्या तासाच्या तपासणीत काही सापडेलच असं नसतं. निदान झालं ते मी मोबाइलवर घेतलेल्या चाळीस सेकंदांच्या व्हिडिओवरून. डॉक्टरांनी आजीची बाकीची औषधं बघून कमी मात्रेची गोळी सुरू केली.

तुमच्या घरी कुणी असं मध्येच थांबत असेल, तर आधी त्यांना सांभाळा आणि मग फोन काढा.

त्या रात्री आजीने आत्याला फोन लावला. “तू ती गोळी जेवणाआधी घ्यायचीस की नंतर गं?” पस्तीसेक वर्षांत दोघी या विषयावर पहिल्यांदाच बोलत होत्या.