पाच फंड म्हणजे पाच आधार नव्हेत

पहिली नोकरी लागली, पगारातून दरमहा पाच हजार रुपये निवृत्तीसाठी बाजूला काढायचे ठरले, की मिळणारा सल्ला बहुतेक ठरलेला असतो. एक लार्जकॅप, एक फ्लेक्सीकॅप, एक मिडकॅप, करबचतीसाठी एक ईएलएसएस आणि जोडीला एखादा इंडेक्स फंड. प्रत्येकी हजाराची एसआयपी. बँकेतला अधिकारी हेच सांगतो, वितरक हेच सांगतो, कार्यालयातले अनुभवी सहकारीही हेच सांगतात. हेतू चांगला असतो: जोखीम वाटली जावी, एक फंड चुकला तर दुसऱ्याने सावरावे. या हेतूशी माझा वाद नाही. पाच फंड घेतल्याने तो साधतो, हे मात्र मला मान्य नाही.

पाच फंडांच्या समर्थनार्थ अर्थतज्ज्ञ हॅरी मार्कोविट्झ यांचे नाव हमखास घेतले जाते. जोखीम विभागणीचा गणिती पाया त्यांनी १९५२ च्या निबंधात घातला आणि १९९० मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. पण त्यांनी काय सिद्ध केले ते नीट पाहायला हवे. गुंतवणुकींची संख्या वाढवली की जोखीम आपोआप घटते, असे त्यांनी म्हटलेले नाही. त्या गुंतवणुकी एकमेकींच्या सोबतीने वरखाली होतात की स्वतंत्रपणे, यावर सारे अवलंबून असते. एकाच दिशेने हलणाऱ्या दहा गोष्टी घेतल्या तरी जोखीम जवळपास एकीइतकीच राहते. म्हणजे ज्यांचा दाखला पाच फंडांसाठी दिला जातो, त्यांचाच सिद्धांत त्याविरुद्ध साक्ष देतो.

आता प्रत्यक्ष फंडांत काय असते ते पाहू. बाजार नियामक सेबीच्या ऑक्टोबर २०१७ च्या परिपत्रकाने बाजारमूल्यानुसार पहिल्या १०० कंपन्यांना लार्जकॅप ठरवले आणि लार्जकॅप फंडाने किमान ८० टक्के रक्कम त्यांतच गुंतवावी, असे बंधन घातले. कोणत्याही दोन लार्जकॅप फंडांचा मोठा हिस्सा या एकाच यादीतून येणार, हे त्यामुळे नियमानेच ठरलेले आहे. कुठल्याही लार्जकॅप, फ्लेक्सीकॅप आणि ईएलएसएस फंडाची मासिक फॅक्टशीट शेजारी ठेवा आणि पहिल्या दहा कंपन्यांची नावे वाचा. एचडीएफसी बँक, आयसीआयसीआय बँक, रिलायन्स, इन्फोसिस ही नावे पुन्हा पुन्हा भेटतील. निफ्टी ५० मध्येही हीच मंडळी वर असतात. हजार-हजाराचे पाच हप्ते पाच दारांनी आत शिरतात आणि त्यांतले बरेचसे पैसे एकाच खोलीत जाऊन बसतात. मिडकॅप फंडाची यादी वेगळी असते, हे खरे. पण बाजार कोसळताना तोही सोबतच खाली येतो. २००८ मध्ये निफ्टीने वर्षभरात निम्म्याहून अधिक मूल्य गमावले. २०२० मध्ये जानेवारीच्या शिखरापासून मार्चच्या तळापर्यंत तो एक तृतीयांशाहून अधिक घसरला. दोन्ही वेळा मिडकॅप फंडांनी कुणाला तारले नाही.

वेगळी नावे म्हणजे वेगळी जोखीम, या समजुतीची सर्वांत कडू परीक्षा २३ एप्रिल २०२० रोजी झाली. त्या दिवशी फ्रँकलिन टेम्पलटनने भारतातल्या आपल्या सहा रोखे योजना गुंडाळत असल्याचे जाहीर केले. अल्ट्रा शॉर्ट बाँड, लो ड्युरेशन, शॉर्ट टर्म इन्कम, क्रेडिट रिस्क अशी त्यांची नावे. यांपैकी दोन-तीन योजनांत पैसे विभागून ठेवणाऱ्याला आपण जोखीम वाटली आहे, असेच वाटणार. पण या योजनांत कमी पतमानांकनाच्या रोख्यांचा मोठा भरणा होता आणि त्यांतल्या कित्येकांत कर्जदार कंपन्याही त्याच होत्या. सेबीने २०२१ च्या आदेशात नेमके हेच नोंदवले: जास्त जोखमीचे एकच धोरण अनेक योजनांत राबवले गेले. पुढे गुंतवणूकदारांना टप्प्याटप्प्याने पैसे मिळाले, पण दीर्घ कोर्टकचेरीनंतर. ही समभागांची नव्हे, रोख्यांची गोष्ट आहे, हे मान्य. पण फंडाच्या पाटीवरून आतल्या मालाचा अंदाज बांधू नये, हा धडा दोन्हीकडे सारखाच लागू पडतो.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. एकाच फंडात सगळे ठेवले आणि त्याचा व्यवस्थापकच चुकला तर? ज्या फंडात व्यवस्थापक स्वतः कंपन्या निवडतो, तिथे ही भीती खरी आहे. पण तिचे उत्तर आणखी चार व्यवस्थापक हे नाही. पाच जणांचे निर्णय एकत्र केले की त्यांची सरासरी बाजाराजवळ येते आणि शुल्क मात्र पाचही जणांच्या कौशल्याचे भरावे लागते. इंडेक्स फंडात कंपन्या निवडणारा माणूसच नसतो, तिथे हा प्रश्न फारसा उरत नाही. निफ्टी ५० मध्ये सुमारे एक तृतीयांश वजन बँका आणि वित्तसंस्थांचे आहे, हे कुणाला खटकत असेल तर निफ्टी ५०० वर चालणारे फंड आहेत. खरी विभागणी तिथे एका फंडाच्या पोटात होते. फंड कंपनी बुडाली तर काय, ही शंकाही वारंवार येते. समभाग त्या कंपनीच्या मालकीचे नसतात; ते विश्वस्तांच्या देखरेखीखाली, कस्टोडियनकडे असतात.

छोट्या खात्याचे गणितही सल्लागारांच्या बोलण्यात क्वचित येते. दरमहा ५,००० म्हणजे पहिल्या वर्षी ६०,००० रुपये. समजा नशिबाने निवडलेल्या फंडाने दुसऱ्यापेक्षा पाच टक्के जास्त दिले. पैसे हप्त्याहप्त्याने जमा झाल्याने वर्षअखेरीस फरक पडेल दीड हजाराच्या आसपास. हप्ता ५०० रुपयांनी वाढवला तर खात्यात ६,००० जास्त येतात. खर्चाचा परिणाम मात्र पुढे दिसतो. दरमहा ५,००० रुपये ३५ वर्षे भरले आणि वार्षिक ११ टक्के परतावा धरला, तर सुमारे २ कोटी ४६ लाख होतात. १० टक्के धरला, तर १ कोटी ९० लाख. ११ टक्के मिळतीलच असे नाही, हिशेबापुरता आकडा घेतला आहे. पण थेट फंड कंपनीकडून घेतलेला डायरेक्ट प्लॅन आणि वितरकामार्फत घेतलेला रेग्युलर प्लॅन यांच्या खर्चातला फरक कित्येकदा या एका टक्क्याच्या जवळ जातो. पुढच्या वर्षी कोणता फंड पहिला येईल हे आज कुणालाच ठाऊक नसते. खर्च मात्र आज छापलेला असतो. पडत्या बाजारात हात धरून थांबवणारा प्रामाणिक वितरक लाभला असेल, तर त्याचे मोल मी नाकारणार नाही.

पाच फंडांचा सर्वांत मोठा तोटा मला वेगळाच वाटतो. पाचांत एक दरवर्षी मागे पडणारच. चोविशीतला मुलगा किंवा मुलगी तो विकते, पुढे असलेला घेते आणि बहुधा महाग घेते. निवडीची ही सवय एकदा लागली की सुटणे कठीण.

शिवाय अनेक पगारदार तरुणांचे ‘पहिले’ निवृत्ती खाते आधीच सुरू झालेले असते. भविष्य निर्वाह निधीत मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्के रक्कम जाते, मालकाचा वाटा वेगळा. हा निधी सांभाळणाऱ्या ईपीएफओचा बराच मोठा पैसा सरकारी व अन्य रोख्यांत असतो. त्यामुळे स्थिर बाजू आपसूक उभी राहते. तिच्यासाठी आणखी एखादा डेट फंड शोधायची गरज नसते. नवी कररचना निवडलेल्यांना ८०सी ची वजावट मिळत नाही, तेव्हा त्यांना ईएलएसएसचेही कारण उरत नाही. एनपीएस, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेचे खाते उघडणाऱ्याला वयानुसार आपोआप विभागणी करणाऱ्या ऑटो चॉइसमधला एलसी ७५ हा पर्याय पुरेसा आहे: ३५ व्या वर्षापर्यंत ७५ टक्के समभाग, नंतर दरवर्षी कमी होत ५५ व्या वर्षी १५ टक्के.

म्हणून नव्याने कमावू लागलेल्यांना माझे सांगणे एवढेच: व्यापक निर्देशांकावरचा, कमी खर्चाचा एक इंडेक्स फंड घ्या, नामनिर्देशन पहिल्याच दिवशी भरा आणि दर पगारवाढीला हप्ता वाढवा. दुसऱ्या फंडाची शिफारस कुणी केली, तर आधी त्याची फॅक्टशीट मागा आणि त्यातली किती नावे तुमच्याकडे आधीच आहेत ते मोजा.