बूट मेनूचा इतिहास : चेन्नईतील ‘बॉस’ लिनक्सच्या निमित्ताने

लिनक्सची पेनड्राइव्ह लावून संगणक सुरू केला की पडद्यावर काही ओळी येतात: इन्स्टॉल न करता वापरून पाहा, इन्स्टॉल करा, ग्राफिकल इन्स्टॉल, प्रगत पर्याय. तुम्ही बहुधा घाईत एंटर दाबता. या प्रत्येक ओळीमागे इतिहास आहे आणि त्यातला एक भाग आपल्याच देशात, चेन्नईत घडला आहे.

आधी शब्द पाहू. हा ‘बूट’ पायातलाच. बुटाच्या मागच्या बाजूला ओढायला एक पट्टी असते. ती पट्टी धरून स्वतःलाच वर उचलायचे, अशी इंग्रजीतली अशक्य कल्पना आहे. संगणकापुढचा पेचही असाच असतो. डिस्कवरची प्रणाली मेमरीत आणायला प्रोग्रॅम हवा आणि तो प्रोग्रॅम स्वतःच डिस्कवर पडलेला. जुन्या पीसीमध्ये बायॉस डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा तुकडा तेवढा वाचून चालवत असे. त्यात प्रत्यक्ष आज्ञांसाठी जागा ४४६ बाइट, विभागांच्या तक्त्यासाठी ६४ आणि खुणेसाठी २. तक्त्यात मुख्य विभाग चारच बसत. दुकानातून आणलेल्या लॅपटॉपवर चारही आधीच भरलेले निघाले, की लिनक्सला जागाच उरत नसे.

लिनक्सचा सुरुवातीचा बूटलोडर लिलो. तो सुरू होताना आपल्या नावातली चार अक्षरे एकेक करून पडद्यावर उमटवी. मध्येच थांबला, तर कितवे अक्षर आले त्यावरून बिघाड कुठे आहे ते जाणकार ओळखत. त्याची अडचण अशी, की कर्नल डिस्कवर नेमके कुठे आहे हे तो आधीच टिपून ठेवी. कर्नल बदलले आणि लिलो पुन्हा चालवायला विसरलात, तर संगणक सुरूच होत नसे. १९९५ मध्ये एरिक बोलेन यांनी सुरू केलेला ग्रब यापेक्षा शहाणा. तो फाइलप्रणाली स्वतः वाचतो, आणि मेनूतल्या ओळीवर ‘ई’ दाबले की ती तिथल्या तिथे बदलता येते. पडदा काळा राहिला तर ‘नोमोडसेट’ हा शब्द जोडून पाहतात, तो इथेच.

आता चेन्नईकडे वळू. २००५ मध्ये केंद्र सरकारच्या माहिती तंत्रज्ञान विभागाने मुक्त सॉफ्टवेअरसाठी राष्ट्रीय संसाधन केंद्र उभारले. सी-डॅकचे चेन्नई केंद्र आणि अण्णा विद्यापीठाचे एयू-केबीसी संशोधन केंद्र यांच्याकडे ते काम आले. सी-डॅकचे मूळ पुण्यातले, १९८८ चे, हे तुम्हाला ठाऊक असेलच. २००७ मध्ये चेन्नईहून ‘भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्युशन्स’, म्हणजे ‘बॉस’, बाहेर पडले. पाया डेबियनचा, त्यावर मराठीसह भारतीय भाषांची सोय. आवृत्त्यांची नावेही देशी: तरंग, अनंत, तेजस. शाळांसाठी ‘एज्युबॉस’ वेगळे काढले.

२०११ मध्ये तमिळनाडू सरकारने सरकारी आणि अनुदानित संस्थांतल्या विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप देण्याची योजना सुरू केली. त्या यंत्रांवर विंडोज आणि बॉस, दोन्ही होते. लाखो मुलांपुढे ही निवड आली, आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या घरात तो पहिलाच संगणक असणार. माझ्या मते सरकारी धोरणाची खरी कसोटी अशा मेनूत लागते. काही सेकंदांत काही निवडले नाही तर ग्रब आधी ठरवलेली ओळ आपणच उघडतो. दोन प्रणाली दिल्या म्हणजे दोन्ही वापरल्या जातात असे नाही. बाजारातले प्रोग्रॅम, शिक्षकांची सवय आणि ती ठरलेली ओळ, तिन्हींचा भार एका बाजूला पडला तर दुसरी प्रणाली जागा अडवून नुसती पडून राहते.

अशा दुहेरी मांडणीत क्रमही महत्त्वाचा. बायॉसच्या काळात विंडोज नंतर टाकले तर ते डिस्कच्या पहिल्या तुकड्यावर आपला कोड लिही आणि ग्रब नाहीसा होई. लिनक्स जागेवरच असे, फक्त त्याच्याकडे जायची वाट बुजलेली. म्हणून आधी विंडोज, मग लिनक्स, हा शिरस्ता पडला. मेनूतला ‘रेस्क्यू’ पर्याय अशाच वेळी कामी येतो.

बायॉसची जागा यूईएफआयने घेतली आणि प्रश्न बदलला. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर सिक्युअर बूट आले: स्वाक्षरी ओळखीची नसेल तर फर्मवेअर बूटलोडर चालवतच नाही. त्या चाव्या बहुतेक पीसींमध्ये मायक्रोसॉफ्टच्या. त्यामुळे लिनक्सवाल्यांना ‘शिम’ नावाचा छोटा प्रोग्रॅम मायक्रोसॉफ्टकडून स्वाक्षरीत करून घ्यावा लागला. डेबियनमध्ये ही सोय २०१९ च्या दहाव्या आवृत्तीत आली.

तेव्हा इन्स्टॉल करण्याआधी एक गोष्ट तपासा. पेनड्राइव्ह ज्या पद्धतीने सुरू होते, त्याच पद्धतीने इन्स्टॉलर ग्रब बसवतो. विंडोज यूईएफआयवर आणि पेनड्राइव्ह जुन्या बायॉस पद्धतीने सुरू केलीत, तर ग्रबच्या मेनूतून विंडोज उघडणार नाही. लाइव्ह लिनक्समध्ये ‘सिस’ फोल्डरात ‘फर्मवेअर’ उघडा. तिथे ‘ईएफआय’ नावाचे फोल्डर दिसले तर तुम्ही यूईएफआय पद्धतीने आत आला आहात. नसेल तर यंत्र बंद करा आणि फर्मवेअरच्या यादीतून पेनड्राइव्हची ‘यूईएफआय’ लिहिलेली नोंद निवडून पुन्हा सुरू करा.