मुंबईतला जॅझ आणि लोर्नाचा आवाज

रत्नागिरीत जॅझवर व्याख्यान कशाला, असं मघाशी मागे कुणीतरी पुटपुटलं. ऐकू आलं आम्हाला. तेव्हा सुरुवात आपल्या बंदरापासूनच करू.

मुंबई-पणजी आगबोट इथे थांबायची. बोट खोल पाण्यात उभी आणि उतारू पडावातून ये-जा करणार. शाळेत असताना आम्ही ते बघायला जायचो. डेकवर आपल्या लांजा-राजापूरच्या चाकरमान्यांशेजारीच गोव्याचे लोक बसलेले असत. मुंबईत उतरल्यावर आपला माणूस गिरणगावातल्या गावकऱ्यांच्या खोलीवर जायचा, तर गोंयकार धोबीतलावला आपल्या गावच्या कुडीत. कूड म्हणजे तीच गावकीची खोली, फक्त संध्याकाळी आरतीऐवजी तेर्स. पण आपला गडी साच्यावर उभा राहिला आणि त्यांच्यातले कितीतरी हॉटेलांच्या बँडमध्ये गेले. कारण साधं आहे. गोव्यात चर्चच्या शाळांतून पोरांना स्वरलिपी वाचायला शिकवत. १९३५ साली लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला, त्यानंतर इथे जॅझ रुजला तो पुष्कळसा या गोवेकरांच्या हातून. चिक चॉकलेट हे नाव त्यातलंच. ट्रम्पेट वाजवायचा. आपले सी. रामचंद्र आणि तो यांची जोडी ‘अलबेला’मध्ये, १९५१ साली, जमली ती तुम्ही ऐकलेलीच आहे.

आता गाणाऱ्यांकडे येऊ. वादकाचं वाद्य त्याच्या पेटीत असतं, एक बँड सुटला तर दुसरा धरतो. गाणारीचं तसं नाही.

लोर्ना कॉर्देरो हिचा जन्म १९४६चा, मुंबईतला. एकेरी म्हणतो आहोत ते आपलेपणानं, जसं आपण लता म्हणतो. विशीच्या आतच ती बँडबरोबर इंग्रजी गाणी गायला लागली. मडगावच्या बोर्ड्याचा ख्रिस पेरी, ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन वाजवणारा, यानं तिचा आवाज हेरला. चर्चगेटच्या ॲस्टोरिया हॉटेलातल्या ‘व्हेनिस’मध्ये दोघं गाजली. मग ख्रिसनं कोंकणीत गाणी बांधली, ब्रास तोच, ठेका तोच, शब्द मात्र घरचे. ‘बेबदो’ घ्या. बेबदो म्हणजे आपला बेवडाच! जॅझ कोंकणी बोलायला लागला तो असा. आमच्या मते ही काही अनुकरणाची गोष्ट नव्हे. नाट्यसंगीतानं तरी दुसरं काय केलं होतं?

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला दोघं वेगळी झाली आणि लोर्ना गप्प झाली. ख्रिसखेरीज दुसऱ्या कुणाबरोबर गायचं नाही असं बंधन तिच्यावर होतं, असं सांगतात. गप्प किती काळ? वीस वर्षांहून जास्त. गाणाऱ्याची ऐन उमेदीची वर्षं.

न्याय-वैशेषिकांच्या मते शब्द हा आकाशाचा गुण. आम्ही तीसेक वर्षं वर्गात हे शिकवलं. पण बँडच्या धंद्यात आकाशाला कोण विचारतो? चाली ख्रिसच्या, बँड त्याचा, कार्यक्रम त्याच्या नावावर. हे सगळं काढून घेतल्यावर तिच्याकडे गळा तेवढा उरला, आणि तो वापरायची सोय नाही.

आपल्या भावगीताशी ताडून पाहा. गजानन वाटवे चाल स्वतः बांधत, पेटी स्वतः वाजवत, गणेशोत्सवात हजारोंपुढे गात. त्यांना थांबवणार कोण? गोविंदराव जोशी वकिलीचं शिक्षण घेतलेले. तबकड्या गाजल्या आणि पुढे ते एचएमव्हीतच अधिकारी झाले. आशाबाईंची तऱ्हा आणखी वेगळी. ‘हावडा ब्रिज’मध्ये, १९५८ साली, पडद्यावर क्लब, गाणारी मधुबाला, चाल ओ. पी. नय्यर यांची आणि गळा आशाबाईंचा. त्यांना संगीतकार एक नव्हता, अनेक होते. एकाशी बिनसलं तरी दुसऱ्याचं दार उघडं. म्हणजे गंमत पाहा, सिनेमातल्या खोट्या क्लबनं गायिकेला देशभर नेलं आणि खऱ्या क्लबमध्ये रोज रात्री उभी राहणारी मात्र एका माणसाच्या भरवशावर. लोर्नाचा गळा काही उणा नव्हता. ‘लिस्बोआ’ ऐकल्यावर कुणी तसं म्हणणार नाही.

१९९५ साली रॉनी मोन्सेराट या संगीतकारानं तिला पुन्हा गायला उभं केलं. ‘हॅलो लोर्ना’ ही ध्वनिफीत आली, गोव्यात जाहीर कार्यक्रम झाला. तेव्हा ती पन्नाशीच्या उंबरठ्यावर होती. आणि ती नव्यानं गात होती तेव्हा ख्रिस पेरीही हयात होता. तो गेला २००२ साली. पुढे बार्द्रॉय बार्रेतो यांनी या दोघांच्या कहाणीच्या आधारानं ‘नाचुंया कुंपासार’ हा कोंकणी चित्रपट केला, त्यालाही आता दहा वर्षं होऊन गेली.

बरं, बोलणं पुष्कळ झालं. आता दोन ध्वनिमुद्रणं ऐकू, आधी जुनं, मग १९९५चं. भाषा कळेल, मालवणी कान आहेत इथे बरेच. दुसऱ्यात आवाज जरा जाड झालेला आहे. तो नीट ऐका. पंखा तेवढा बंद करा हो कुणीतरी.