झेब्राफिश आणि दुर्मीळ आनुवंशिक आजार

झेब्राफिश हा कार्प कुळातील, गोड्या पाण्यात राहणारा, तीन ते चार सेंटिमीटर लांबीचा मासा आहे. शास्त्रीय नाव डॅनियो रेरियो. अंगावर डोक्याकडून शेपटीकडे जाणारे निळसर पट्टे असतात. भारत, नेपाळ आणि बांगलादेशातील संथ ओढे, भातखाचरे व डबकी हे त्याचे मूळ घर. शोभेचे मासे विकणारे त्याला ‘झेब्रा डॅनियो’ म्हणतात. जीवशास्त्रात त्याचे महत्त्व वेगळ्या कारणाने आहे. माणसाच्या एखाद्या जनुकातील बदल खरोखरच आजार घडवतो की तो निरुपद्रवी आहे, हे तपासण्यासाठी जगभरच्या प्रयोगशाळा या माशाचा उपयोग करतात. महाराष्ट्रात मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि पुण्याची आघारकर संशोधन संस्था येथे त्याच्यावर संशोधन चालते.

संशोधनाची गरज

जगात सात ते आठ हजार दुर्मीळ आजार असल्याचे मानले जाते. त्यांतील सुमारे ८० टक्के आनुवंशिक आहेत. एकेका आजाराचे रुग्ण थोडे असतात, त्यामुळे दहा रुग्णांची तुलना करून कारण ठरवावे अशी सोय डॉक्टरांना क्वचितच मिळते.

अलीकडे रक्ताच्या नमुन्यावरून माणसाच्या सगळ्या प्रथिननिर्मिती करणाऱ्या जनुकांचा क्रम एकाच चाचणीत वाचता येतो. या चाचणीला एक्झोम तपासणी म्हणतात. मात्र निरोगी माणसाच्या जनुकांतही प्रमाण क्रमापेक्षा वेगळी अशी हजारो स्थाने असतात. त्यांतून गाळत गाळत शेवटी दोन-चार संशयित उरतात. २०१५ पासून रूढ असलेल्या पद्धतीनुसार प्रयोगशाळा अशा बदलांची पाच गटांत वाटणी करतात : रोगकारक, बहुधा रोगकारक, अर्थ अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी आणि निरुपद्रवी. मधल्या गटाचा शेरा आला की डॉक्टर आणि आईवडील दोघेही अडतात. बदल दिसतो, पण दोष त्याचाच आहे असे म्हणता येत नाही. या टप्प्यावर जिवंत शरीरात केलेल्या प्रयोगाचा पुरावा उपयोगी पडतो, आणि तो लवकर व तुलनेने स्वस्तात देणारा प्राणी म्हणून झेब्राफिश पुढे आला.

इतिहास

या माशाचे पहिले शास्त्रीय वर्णन फ्रान्सिस हॅमिल्टन या स्कॉटिश वैद्याने गंगा व तिच्या उपनद्यांतील माशांवरील १८२२ च्या ग्रंथात केले. प्रयोगशाळेत त्याला प्रतिष्ठा मिळाली ती अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठातील जॉर्ज स्ट्रायसिंगर यांच्यामुळे. केवळ मादीचा आनुवंशिक वारसा असलेले, एकसारखे मासे तयार करण्याची रीत त्यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे जर्मनीतील ट्यूबिंगेन येथे क्रिस्टियाने न्यूसलाइन-फोलहार्ड यांच्या आणि अमेरिकेत बॉस्टन येथील गटांनी हजारो उत्परिवर्तित, म्हणजे जनुकात बदल झालेले, मासे शोधून काढले. त्या कामाचे ३७ लेख डिसेंबर १९९६ मध्ये ‘डेव्हलपमेंट’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात आले.

रक्त फिके असलेल्या उत्परिवर्तित माशांना तेव्हा वाइनची नावे दिली गेली. त्यांतील ‘सोटर्न’ या माशातील दोष हिमोग्लोबिनसाठी लागणाऱ्या हीम या घटकाच्या निर्मितीतला असल्याचे १९९८ मध्ये दिसले. हाच दोष माणसात जन्मजात सिडरोब्लास्टिक रक्तक्षय घडवतो. ‘वाइसहेर्ब्स्ट’ या दुसऱ्या माशाने २००० मध्ये पेशीतून लोह बाहेर सोडणारे फेरोपोर्टिन हे प्रथिन दाखवून दिले. पुढच्याच वर्षी शरीरात लोह साठत जाणाऱ्या एका आनुवंशिक आजाराच्या युरोपीय कुटुंबांत त्याच जनुकातील बदल सापडले. म्हणजे जनुक आधी माशात सापडले आणि त्याचा रुग्ण नंतर.

झेब्राफिशच्या संपूर्ण जनुकसंचाचा प्रमाण क्रम २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना या माशात किमान एक जोडीदार जनुक आहे. आजारांशी जोडल्या गेलेल्या मानवी जनुकांपुरते पाहिले तर हे प्रमाण ८२ टक्क्यांपर्यंत जाते. भारतात दिल्लीच्या इन्स्टिट्यूट ऑफ जीनॉमिक्स अँड इंटिग्रेटिव्ह बायॉलॉजी या संस्थेत श्रीधर शिवसुब्बू आणि विनोद स्कारिया यांच्या गटाने रानटी झेब्राफिशचा जनुकक्रम २००९ मध्ये वाचला.

प्रयोगाची रीत

आदल्या संध्याकाळी नर व मादी एका लहान टाकीत, मध्ये पारदर्शक पडदा घालून ठेवतात. खोलीत १४ तास उजेड आणि १० तास अंधार असे चक्र असते. सकाळी दिवे लागताच पडदा काढला की मासे अंडी घालतात. टाकीचा तळ जाळीचा असतो, कारण आईबाप स्वतःचीच अंडी खातात. जाळीतून खाली पडलेली अंडी वाचतात. एक मादी एका वेळी दोनशेच्या आसपास अंडी देते. फलन शरीराबाहेर होते आणि अंडे खसखशीच्या दाण्याएवढे, काचेसारखे स्वच्छ असते.

२८.५ अंश सेल्सिअस तापमानाला पहिल्या पेशीचे विभाजन व्हायला सुमारे पाऊण तास लागतो. तेवढ्या अवधीत संशोधक सूक्ष्मदर्शकाखाली अंडी ओळीने मांडतो आणि काचेच्या केसाएवढ्या सुईने प्रत्येकात द्रवाचा अतिसूक्ष्म थेंब सोडतो. त्या थेंबात क्रिस्पर-कॅस९ असेल तर ठरावीक जनुकच कापले जाते. झेब्राफिशमध्ये हे तंत्र २०१३ पासून वापरात आहे. त्याआधी मॉर्फोलिनो नावाचे रेणू वापरून जनुकाचे काम तात्पुरते बंद केले जाई. एका दिवसात भ्रूणाचे हृदय धडधडू लागते, दोन-तीन दिवसांत पिल्लू अंड्यातून बाहेर येते आणि पाचव्या दिवशी ते अन्न शोधत पोहू लागते. सगळे शरीर पारदर्शक असल्याने रक्तपेशींचा प्रवाह, आतड्याची हालचाल आणि हृदयाचे ठोके चिरफाड न करता दिसतात. तीन महिन्यांत मासा प्रजननक्षम होतो.

रुग्णाचा बदल तपासण्याचा निर्णायक प्रयोग पुढीलप्रमाणे असतो. प्रथम माशाचे ते जनुक निकामी करतात आणि पिल्लांत रुग्णासारखे दोष दिसतात का ते पाहतात. मग काही अंड्यांत निरोगी माणसाच्या जनुकाचा संदेश, म्हणजे एमआरएनए, सोडतात आणि काहींत रुग्णाच्या जनुकाचा. निरोगी संदेशाने पिल्ले सुधारली आणि रुग्णाच्या संदेशाने सुधारली नाहीत, तर तो बदल प्रथिन निकामी करतो याचा सबळ पुरावा मिळतो. दोन्हींनी सारखीच सुधारली, तर संशय फिटतो.

मुंबईतील उदाहरण

मायक्रोव्हिलस इन्क्लूजन डिसीज हा नवजात बाळांना होणारा अतिदुर्मीळ आजार आहे. जन्मानंतर लवकरच असे जुलाब सुरू होतात की आईचे दूध बंद केले तरी थांबत नाहीत. बाळाला शिरेतून पोषण द्यावे लागते किंवा आतड्याचे प्रत्यारोपण करावे लागते. निरोगी आतड्याच्या पेशींवर अन्नरस शोषणारे अतिसूक्ष्म केसासारखे उंचवटे असतात. या बाळांत ते झडलेले आणि पेशीच्या पोटात गुंडाळी होऊन अडकलेले दिसतात. मायोसिन ५बी या जनुकातील बदल हे त्याचे मुख्य कारण असल्याचे २००८ मध्ये समजले. पेशीच्या आतील मालाच्या पुड्या पृष्ठभागापर्यंत वाहून नेणे हे या प्रथिनाचे काम.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील महेंद्र सोनवणे यांचा गट माशाच्या त्वचेचा अभ्यास करीत होता. सोनवणे यांनी आधी ट्यूबिंगेनमध्ये ‘पेनर’ या उत्परिवर्तित माशावर काम केले होते. त्वचेच्या पेशी खालच्या पडद्याला कशा चिकटून राहतात, याबद्दलचे ते संशोधन २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. मुंबईत त्यांच्या गटाने ‘गूजपिंपल्स’ या माशाचा दोष मायोसिन ५बी जनुकात असल्याचे आणि त्यामुळे त्वचेच्या बाह्य थरातील पेशी लहान राहत असल्याचे २०१४ मध्ये मांडले. पेशींचा आकार घटला की त्यांची संख्या वाढून भरपाई होते, असेही त्यात दिसले.

त्याच माशाचे आतडे तपासल्यावर आजाराशी थेट दुवा जुळला. २०१६ च्या लेखानुसार या पिल्लांच्या आतड्यातील घड्या फार कमी झालेल्या होत्या, पेशींवरचे सूक्ष्म उंचवटे झडले होते आणि बाळांच्या आतड्यात दिसतात तशाच गुंडाळ्या पेशींच्या आत होत्या. त्वचेच्या मूलभूत प्रश्नासाठी पाळलेला मासा अशा रीतीने बाळांच्या असाध्य जुलाबांचा नमुना ठरला. औषधयोग्य रेणूंची मोठ्या प्रमाणावर चाळणी करण्यासाठी तो वापरता येईल, असे या गटाने सुचवले.

पुण्याच्या आघारकर संस्थेत चिन्मय पात्रा यांचा गट याच माशाचे हृदय आणि मणक्यांमधील चकत्या दुखापतीनंतर पुन्हा कशा भरून येतात, याचा शोध घेतो. तो विषय आनुवंशिक आजारांचा नसला तरी जनुक निकामी करून परिणाम पाहण्याची रीत एकच आहे.

औषधशोध

पिल्ले काही मिलिमीटर लांबीची असल्याने प्लास्टिकच्या तबकडीतील ९६ खळग्यांत एकेक पिल्लू ठेवून वेगवेगळे रेणू पाण्यात मिसळता येतात. लहान मुलांना वारंवार झटके आणणाऱ्या ड्रावे सिंड्रोमचा मासा अमेरिकेत स्कॉट बाराबन यांच्या गटाने वापरला. क्लेमिझोल या जुन्या अ‍ॅलर्जीविरोधी औषधाने या पिल्लांचे झटके कमी होतात, असे २०१३ मध्ये दिसले आणि पुढे त्याच्या रुग्णांवरील चाचण्या सुरू झाल्या.

मर्यादा

माशाला फुप्फुसे नाहीत, स्तन नाहीत, प्रोस्टेट ग्रंथी नाही. त्यामुळे त्या अवयवांचे आजार त्याच्यात उमटत नाहीत. माशांच्या पूर्वजांत सगळा जनुकसंच एकदा दुप्पट झाला होता. म्हणून माणसाच्या एका जनुकाला माशात अनेकदा दोन जोडीदार असतात आणि एक निकामी केले तर दुसरे काम निभावून नेते. मॉर्फोलिनोने दिसलेले अनेक दोष जनुक कायमचे निकामी केलेल्या माशांत दिसत नाहीत, हे २०१५ मधील अभ्यासांनी दाखवले. त्यानंतर केवळ मॉर्फोलिनोचा पुरावा पुरेसा मानला जात नाही. बुद्धिमत्ता, बोलणे किंवा उतारवयातील आजार यांबाबत माशाचे उत्तर अपुरेच असते.

मासाही पाठीचा कणा असलेला प्राणी आहे. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंध कायद्याच्या चौकटीत, संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची मान्यता घेऊनच असे प्रयोग करता येतात.

खानदेशाचा संदर्भ

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या खानदेशी पट्ट्यात आनुवंशिक आजार म्हटला की सिकलसेलच आठवतो. सातपुड्यातील भिल्ल आणि पावरा समाजांत त्याचे वाहक लक्षणीय संख्येने आहेत. हा आजार दुर्मीळ आजारांच्या नेहमीच्या चित्रात बसत नाही आणि झेब्राफिशचीही त्यात फारशी गरज पडत नाही. हिमोग्लोबिनच्या एका साखळीतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आल्याने तो होतो, हे व्हर्नन इन्ग्राम यांनी १९५० च्या दशकातच दाखवले होते. शिवाय माशाच्या तांबड्या पेशीत केंद्रक असते, माणसाच्या परिपक्व पेशीत नसते. सिकलसेलमध्ये उणीव आहे ती वेळेवर रक्ततपासणी, हायड्रॉक्सियुरिया या औषधाचा नियमित पुरवठा आणि समुपदेशन यांची. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाने त्यासाठी २०४७ चे लक्ष्य ठरवले आहे.

माशाची मदत लागते ती सिकलसेलसारखे ओळखीचे नाव नसलेल्या आजारांत. धुळे-जळगाव महामार्गावरील एरंडोलसारख्या तालुक्याच्या गावात एखाद्या घरी लागोपाठ दोन बाळे एकाच लक्षणाने दगावली, तर आजही दोष नशिबाला किंवा सुनेला दिला जातो. बहुतेक वेळा असा आजार अप्रभावी प्रकारचा असतो : आई आणि वडील दोघेही निरोगी वाहक असतात आणि प्रत्येक गरोदरपणात बाळ आजारी निघण्याची शक्यता २५ टक्के असते. दोष एकट्या आईचा नसतो. मामाच्या मुलीशी लग्नाची प्रथा असलेल्या घरांत दोघांकडे एकच बदल असण्याचा संभव वाढतो. गोत्र वेगळे असल्याने तो टळत नाही, कारण गोत्र बापाकडून मोजले जाते आणि जनुके दोन्हीकडून येतात.

जळगाव आणि धुळे येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतून अशा रुग्णांना पुढे पाठवता येते. राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण, २०२१ खालील उत्कृष्टता केंद्रांपैकी एक मुंबईचे केईएम रुग्णालय आहे. धोरणातील आजारांच्या उपचारासाठी तेथे नोंद झालेल्या रुग्णाला मिळणाऱ्या मदतीची मर्यादा २०२२ मध्ये ५० लाख रुपये करण्यात आली. घरातील बदल निश्चित झाला असेल तर पुढील गरोदरपणात नोंदणीकृत केंद्रात गर्भाची आनुवंशिक तपासणी करून घेता येते. १९९४ चा कायदा लिंगनिदानास मनाई करतो, आनुवंशिक आजाराच्या तपासणीस नाही.

‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा असलेला रिपोर्ट निकाली समजून फेकून देऊ नये. नवे रुग्ण आणि माशांवरील नवे प्रयोग प्रसिद्ध होतात तसतसे बदलांचे वर्गीकरणही बदलते. मूळ रिपोर्ट जपून ठेवावा आणि पुढच्या गरोदरपणाचा विचार करण्यापूर्वी तो आनुवंशशास्त्र तज्ज्ञाकडून पुन्हा वाचून घ्यावा.