‘अक्का’ टूलकिट : निरोप पोचला की नाही, हे कुणी बघायचं?

आपल्या सीमाभागात अक्का म्हणजे थोरली बहीण. सॉफ्टवेअरवाल्यांची ‘अक्का’ मात्र वेगळी. जावा आणि स्काला भाषांत, अनेक मशीनवर मिळून चालणारे प्रोग्राम लिहिण्यासाठी हा साधनसंच वापरतात. योनास बोनेर यांनी २००९ मध्ये तो सुरू केला. नाव उत्तर स्वीडनमधल्या एका डोंगराचं. मूळ ‘ॲक्टर’ची कल्पना कार्ल ह्युइट आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये मांडली होती. नव्याने शिकणाऱ्यांना हमखास पडणारे प्रश्न असे :

ॲक्टर म्हणजे काय?
स्वतःची वही आणि स्वतःची टपालपेटी असलेला कारकून समजा. तो एका वेळी एकच निरोप हाताळतो, दुसऱ्याच्या वहीला हात लावत नाही. प्रत्येक बँक खात्याला एक ॲक्टर दिला, तर दोन ठिकाणांहून एकदम पैसे काढायची मागणी आली तरी ती रांगेनेच निघते.

पाठवलेला निरोप नक्की पोचतो का?
नाही. हमी एवढीच, की निरोप फार तर एकदा पोचेल. मशीन बंद पडलं, नेटवर्क तुटलं, तर तो हरवतो. एकाने दुसऱ्याला थेट पाठवलेल्या निरोपांचा क्रम मात्र बदलत नाही.

उत्तर आलं नाही, तर पुन्हा पाठवायचं का?
इथंच पैशाचा घोटाळा होतो. उत्तर आलं नाही म्हणजे काम झालं नाही, असं नसतं. पैसे वळते होऊन फक्त पोच हरवलेली असू शकते. म्हणून प्रत्येक व्यवहाराला व्हाउचरसारखा क्रमांक द्यावा. तोच क्रमांक पुन्हा आला, तर रक्कम परत न कापता जुनंच उत्तर द्यावं. ही काळजी प्रोग्राम लिहिणाऱ्यानेच घ्यायची.

ॲक्टर कोसळला तर?
नव्या, ‘टाइप्ड’ पद्धतीत चूक झाली की ॲक्टर थांबतो. पुन्हा सुरू व्हायला हवा असेल तर तसं लिहून ठेवावं लागतं. पुन्हा सुरू झाला तरी मेमरीतली शिल्लक गेलेली असते. त्यासाठी ‘पर्सिस्टन्स’ आहे : प्रत्येक घटना आधी कायम नोंदवायची. रोजकीर्द शाबूत असली की खतावणी पुन्हा मांडता येते, तसंच हे.

नेटवर्क मधोमध तुटलं तर?
दोन्ही बाजूंना वाटतं, पलीकडचे मेले. मग एकच खातं दोन ठिकाणी उघडू शकतं. ‘स्प्लिट ब्रेन रिझॉल्व्हर’ बहुमताची बाजू चालू ठेवून दुसरी बंद करतो. तो सेटिंगमध्ये चालू करावा लागतो. निम्मे-निम्मे झाल्यास बहुमत उरत नाही, म्हणून दोनऐवजी तीन मशीन बऱ्या.

फुकट आहे का?
सप्टेंबर २०२२ मध्ये परवाना बदलला. २.७ आवृत्तीपासून प्रत्यक्ष व्यवसायात वापरायचं, तर अटी वाचून घ्याव्यात. मोठ्या कंपन्यांना पैसे मोजावे लागतात. जुन्या २.६ वरून निघालेला ‘अपाची पेक्को’ मुक्त परवान्यावर मिळतो.

थोडक्यात, अक्का निरोप्या आहे, हिशेबनीस नव्हे. पोच मागणं आणि दुबार नोंद टाळणं, हा हिशेब आपल्यालाच ठेवावा लागतो.