जाळे, टाचणी आणि चिठ्ठी : कीटक पकडण्याच्या एका खेळाचा इतिहास

२०२०च्या जून महिन्यातली गोष्ट. टाळेबंदीचे दिवस होते. आमच्या वळ गावातून एरवी रात्रंदिवस जाणारे कंटेनर पुष्कळच कमी झाले होते आणि कित्येक वर्षांनी रातकिड्यांचा आवाज घरात बसून ऐकू येत होता. रात्री आठच्या सुमारास पुतण्या त्याच्या मामाने परदेशातून आणलेले खेळाचे यंत्र घेऊन ओट्यावर बसला होता. मी सहज डोकावलो. पडद्यावर एक नदी होती आणि तिच्या काठाने हिरवट ठिपके लुकलुकत होते.

‘‘काका, काजवे आलेत. हे फक्त जूनमध्येच येतात, आणि तेही संध्याकाळी सातनंतर,’’ तो म्हणाला.

मी समोर पाहिले. समोर गोदामाची पत्र्याची भिंत आणि तिच्यावरचे पांढरे दिवे. त्या भिंतीच्या जागी भाताची खाचरे होती, तेव्हा मृगाच्या आगेमागे मी तिथेच काजवे धरून बाटलीत घातले आहेत. पुतण्याने खरा काजवा कधीच पाहिला नव्हता; पण काजव्याचा महिना आणि वेळ त्याला बिनचूक ठाऊक होती. मला या दोन्ही गोष्टी एकदमच उमगल्या आणि त्या रात्रीपासून मी या खेळाच्या मागे लागलो. मी प्राणिशास्त्र शिकलेलो नाही. बारावीनंतर आधी यंत्रमागाच्या कारखान्यात आणि मग गोदामांत मालाच्या आवक-जावकीचे हिशेब लिहिण्यात माझी वर्षे गेली. त्यामुळे पुढे जे लिहिले आहे, ते एका हिशेबनिसाच्या नजरेने लिहिले आहे, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

पडद्यावरचे बेट

खेळाचे नाव ‘ॲनिमल क्रॉसिंग : न्यू होरायझन्स’. क्योतोच्या निन्टेन्डो कंपनीने तो २० मार्च २०२० रोजी जगभर आणला. दोनच दिवसांनी आपल्याकडे जनता संचारबंदी झाली आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. जगातली कोट्यवधी माणसे घरात कोंडलेली असताना हा खेळ हातोहात खपला, यात नवल नाही. मात्र त्याचा वंश जुना आहे. पहिला खेळ १४ एप्रिल २००१ रोजी फक्त जपानात, ‘दोबुत्सु नो मोरी’ म्हणजे ‘प्राण्यांचे वन’ या नावाने निघाला. त्याच्या कर्त्यांपैकी कात्सुया एगुची हे नोकरीसाठी चिबाहून क्योतोला आले होते. घरची माणसे आणि मित्र मागे राहिल्याची जी पोकळी त्यांना जाणवली, तिच्यातून हा खेळ सुचल्याचे त्यांनी सांगितलेले आहे. गाव सोडून आलेल्या हमालांच्या आणि चालकांच्या आधाराने चालणाऱ्या भिवंडीसारख्या ठिकाणी ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

या खेळात कोणी कोणाला मारत नाही, कोणी हरत नाही. खेळणारा एका बेटावर राहतो, झाडे लावतो, मासे धरतो आणि जाळे घेऊन किडे पकडतो. खेळातले घड्याळ खऱ्या घड्याळाबरोबर चालते. बाहेर रात्र तर आतही रात्र, बाहेर जानेवारी तर आतही जानेवारी. उत्तर गोलार्ध की दक्षिण, एवढे सुरुवातीला सांगायचे. त्यावरून ऋतू ठरतात. अमेरिकेत २००२ साली पोचलेल्या आवृत्तीत ४० किडे होते, २०२०च्या खेळात ८० आहेत. फुलपाखरू फुलाभोवती मिळते, पाणनिवळी पाण्यावर, गोम दगडावर घाव घातला की निघते. मातीतून किर्र आवाज आला की फावड्याने खणायचे; मग खालून मातीतला रातकिडा बाहेर येतो. कचरा टाकला तर माशी येते, नासलेल्या सलगमाला मुंग्या लागतात. शेणकिडा थंडीत येतो आणि शेणाऐवजी बर्फाचा गोळा ढकलत नेतो! झाड हलवल्यावर गांधीलमाश्यांचे पोळे पडले आणि वेळीच जाळे मारता आले नाही तर डोळा सुजतो. नारळाच्या झाडावर उन्हाळ्यातल्या संध्याकाळी बसणारा हर्क्युलीस भुंगा सर्वांत महाग किड्यांपैकी एक. त्याचे खेळातल्या चलनात १२,००० मिळतात.

यादीत टॅरँट्युला कोळी आणि विंचूही आहेत. शास्त्राने हे कीटक नव्हेत. त्यांना आठ पाय असतात. पण जपानी भाषेतला ‘मुशी’ हा शब्द आपल्या ‘किडामुंगी’सारखाच ऐसपैस आहे. त्यात कोळी मावतो, गोम मावते, गोगलगायही मावते. म्हणूनच हा खेळ मला परका वाटला नाही. माझ्या आजीच्या वर्गीकरणातही हे सगळे एकाच सदरात होते.

तळ्याच्या जागी खेळघर

जपानात किडे पकडणे हा मुलांचा उन्हाळी सुट्टीतला उद्योग आहे. गाणारे किडे पिंजऱ्यात पाळून त्यांचा आवाज ऐकण्याची तिथली रीत तर फार जुनी. लाफ्काडिओ हर्न या लेखकाने १८९८मध्येच तिच्यावर सविस्तर लिहून ठेवले आहे. या परंपरेतून पडद्यावर आलेला दुसरा मोठा खेळ म्हणजे ‘पोकेमॉन’. त्याचे जनक सातोशी ताजिरी १९६५ साली जन्मले आणि तोक्योच्या कडेच्या माचिदा भागात वाढले. वर्गातली मुले त्यांना ‘किड्यांचे डॉक्टर’ म्हणत. भुंगे दिवसा दगडाखाली झोपतात हे हेरून ते झाडाखाली दगड ठेवत आणि नंतर तो उचलून भुंगे गोळा करत. त्यांच्या डोळ्यांदेखत माचिदाची शेते आणि तळी शहराने गिळली. जिथे मासे धरावेत त्या तळ्याच्या जागी खेळघर उभे राहिले. मग ताजिरीही खेळघरात जाऊ लागले. पुढच्या मुलांना निदान पकडण्याचा आणि अदलाबदलीचा आनंद मिळावा म्हणून त्यांनी रचलेला खेळ २७ फेब्रुवारी १९९६ रोजी बाजारात आला.

हे वाचताना मी बराच वेळ थांबलो. माचिदाच्या जागी वळ, काल्हेर, पूर्णा किंवा राहनाळ लिहिले तरी वाक्य तसेच राहते. मुंबईच्या जकातीबाहेर, नाशिक महामार्गाला लागून आणि बंदराच्या टप्प्यात असलेली आमची ग्रामपंचायतींची जमीन गोदामांना सोयीची ठरली. जुलै २०१७मध्ये वस्तू व सेवा कर आला, जकात गेली. पण तोवर गोदामे रुजली होती आणि पुढे ती अधिकच वाढली. भाताची खाचरे भरावाखाली गेली. याबद्दल मी तक्रार करत नाही. माझ्या घरची चूल त्याच गोदामांवर पेटली आहे. फक्त एक फरक नोंदवतो. माचिदात शेते गेली तेव्हा एका मुलाने त्यांची आठवण खेळात घातली. आमच्याकडे ती कशात घातली गेली, हा प्रश्न मला सोडेना.

फोर्ब्स स्ट्रीटवरचे दुकान

किडे पकडून त्यांची पद्धतशीर नोंद ठेवण्याचा उद्योग आपल्याकडे जपानी खेळाच्या कितीतरी आधीपासून आहे, आणि तो वळपासून फार दूरही नव्हता. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ हौशी माणसे जमली आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. निन्टेन्डो १८८९ची, गंजिफ्यासारखे पत्ते करणारी कंपनी म्हणून सुरू झालेली. म्हणजे आमची संस्था सहा वर्षांनी थोरली. आठांतले दोघे आपले होते : प्रार्थना समाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि वनौषधींचे जाणकार डॉ. सखाराम अर्जुन, म्हणजे डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील. आपापल्या नोंदी सांगाव्यात, गोळा केलेले नमुने एकमेकांना दाखवावेत, एवढाच प्रारंभीचा बेत. सुरुवातीच्या सभा भायखळ्याच्या, आज भाऊ दाजी लाड यांच्या नावाने असलेल्या संग्रहालयात होत. १८८४च्या जानेवारीत फिप्सन नावाच्या मद्यविक्रेत्याने आपल्या फोर्ब्स स्ट्रीटवरच्या दुकानातली एक खोली दिली. पश्चिम भारतातल्या सर्वांत मोलाच्या संग्रहाची सुरुवात दारूच्या बाटल्यांच्या शेजारी झाली, हे मला गोदामवाल्याला फार आवडते.

आठांपैकी एक एडवर्ड हॅमिल्टन एटकिन. जन्म साताऱ्याचा, १८५१चा. जकात आणि मीठ खात्यात नोकरी. त्यामुळे उरण, रत्नागिरी, कारवार अशी भटकंती. ‘एहा’ या नावाने घरातल्या-अंगणातल्या जीवांवर त्यांनी विनोदी पुस्तके लिहिली. पण माझ्या दृष्टीने त्यांचे मोठे काम म्हणजे कोंबर यांच्यासह १९०३ साली सोसायटीच्या नियतकालिकात छापलेली कोकणातल्या फुलपाखरांची यादी. एक जकात अधिकारी हिशेबाच्या वहीशेजारी फुलपाखरांची वही ठेवत होता. त्या वहीमुळे आज, शंभरावर वर्षांनी, कोकणात तेव्हा काय उडत होते हे आपण सांगू शकतो.

चिठ्ठीची किंमत

संग्रहालयात टाचणीवर लावलेला किडा पाहिला तर त्याच्याखाली एक बारीक चिठ्ठी असते. तिच्यावर स्थळ, तारीख आणि पकडणाऱ्याचे नाव असते. किड्याचे नाव पुढे कधीही शोधून काढता येते, चुकले तर बदलता येते. पण चिठ्ठी हरवली की तो नमुना केवळ शोभेचा उरतो. गोदामातही असेच असते. तारीख नसलेली आवक म्हणजे आवकच नाही.

आता खेळाकडे परत येऊ. पुतण्याच्या यंत्रातल्या किड्यांच्या पुस्तकात पकडलेल्या प्रत्येक किड्याचे नाव, महिने आणि तास लिहिलेले दिसतात. तिथल्या संग्रहालयाचा व्यवस्थापक ब्लेदर्स नावाचे घुबड. त्याला किड्यांची शिसारी येते, तरी प्रत्येकाची माहिती तो न चुकता सांगतो. म्हणजे एहांच्या वहीतले बरेचसे शिक्षण इथे आहे : दबकत जाणे, वेळ पाळणे, हुकले तर पुढच्या वर्षापर्यंत वाट पाहणे. जिवंत जीव टाचला जात नाही, हा तर निखळ लाभ. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काही फुलपाखरे संरक्षित आहेत. त्यांना जाळे लावणे गुन्हा आहे. पडद्यावर तो प्रश्न येत नाही.

पण दोन गोष्टी तिथे नाहीत. एक, स्थळ. गोलार्ध सांगितला की झाले. वळचा जून आणि क्योतोचा जून तिथे एकच. दुसरी, संपणे. खेळातला काजवा कितीही पकडा, पुढच्या जूनमध्ये तो येणारच. नदीकाठी भराव टाकला म्हणून तो यायचा थांबत नाही. ज्यांची शेते गेली त्यांनी रचलेल्या खेळांत किडे कधी संपत नाहीत, यामागचे कारण मला आता कळते. मात्र ज्या मुलाने किडे फक्त तिथेच पाहिले, त्याला ते संपू शकतात हे कळायला दुसरा मार्ग हवा.

माझी हरवलेली वही

इथे एक कबुली द्यायला हवी. १९८०च्या सुमारास मी शाळेत असताना एका वहीत गावातल्या किड्यांची नावे लिहिली होती. काडेपेटीत पाळलेला सोनकिडा, दोरा बांधून उडवलेला चतुर, मृगाचा लाल मखमली किडा, भिंतीवर मातीचे घर बांधणारी कुंभारीण. नावे आजीने सांगितलेली. त्यांतली कित्येक पुढे मला कुठल्याही पुस्तकात भेटली नाहीत. ती वही खाटेखालच्या पेटीत होती. २६ जुलै २००५च्या पुरात पेटीत पाणी शिरले आणि वहीचा लगदा झाला. आजी त्याआधीच गेली होती. पंचवीस वर्षांत मी तिची एक नक्कल केली नाही; जो माणूस मालाच्या प्रत्येक पावतीच्या तीन प्रती काढत होता, त्याने. आठवणीतून पुन्हा लिहायला बसलो तेव्हा अकरा नावे जमली. तारीख एकाचीही नाही.

म्हणून त्या जूनमध्ये आम्ही दोघांनी नवी वही घातली. जाळे नाही, टाचणी नाही; फक्त चिठ्ठी. तारीख, वेळ, जागा, झाड. पुतण्याला महिने आणि तास लिहिण्याची सवय खेळानेच लावली होती. ‘झाड’ हे सदर मी घातले, कारण खेळातल्या फुलपाखराला अंडी घालायला झाड लागत नाही, खऱ्याला लागते. गोदामाच्या कुंपणालगत रुईची झुडपे आहेत. तिथे ‘प्लेन टायगर’च्या पट्टेदार अळ्या मिळाल्या. घरच्या कढीपत्त्यावर ‘लाइम’ फुलपाखराच्या अळ्या निघाल्या, सुरुवातीला थेट पाखराच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या. २०१५मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर झालेले नीलवंत मात्र गावात दिसले नाही. ते आम्ही पलीकडे ठाण्याच्या ओवळेकर वाडीतल्या फुलपाखरू उद्यानात जाऊन पाहिले आणि वहीत ‘वळमध्ये नाही’ असे लिहिले. नसल्याचीही नोंद लागते. शिल्लक शून्य असली तरी हिशेबात शून्य लिहावे लागते.

काजव्यांच्या पानावर पहिली तीन वर्षे शून्यच होते. २०२३च्या जूनमध्ये गावाच्या खाडीकडच्या अंगाला, जिथे अजून दिवे पोचलेले नाहीत तिथे, रात्री सव्वाआठला पुतण्याने मला हाताने थांबवले. खेळातल्यासारखाच तो दबकत पुढे गेला. चिंचेच्या खाली दोन होते. त्याने हात पुढे केला नाही. घरी आल्यावर त्याच्याच अक्षरात नोंद झाली : स्थळ वळ, झाड चिंच, संख्या दोन. त्या पानाच्या दोन नकला काढल्या आहेत. एक माझ्याकडे असते, एक त्याच्याकडे.