सापसंद आणि किडामारी

कोची येथील कोंकणी वैद्य रंगभट, विनायक पंडित व आपूभट यांनी ज्या 'होर्तुस मलबारिकुस' ग्रंथास १६७५ साली नागरीत प्रमाणपत्र दिले, त्यातच सापसंदाची वेल वर्णिली आहे. लिनियसने १७५३ साली तीस 'इंडिका' म्हटले. तिच्या बहिणीस, किडामारीस, लामार्कने १७८३ साली दिलेले 'ब्रॅक्टिओलाटा' हे नाव आम्हांस विशेष सार्थ वाटते. कारण तिच्या फुलाच्या बुडाशी पानासारखे वाटोळे छद असते, सापसंदास तसे नसते. शिवाय सापसंद झाडावर चढते व तिची पाने लांबट. किडामारी भुईवर पसरते, तिची पाने हृदयाकृती. सर्पदंशावर मूळ उगाळणाऱ्या आमच्या वडिलांस हा भेद अवगत होता. मात्र दोघींतही असणारे आम्ल मूत्रपिंडास घातक आहे, आणि २००२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने या प्रजातीची औषधे कर्ककारक ठरविली.